मी मेल्याचा मेसेज

आधी चहा संपवा, मग ऐका. हसताना सांडला तर दुसरा मिळणार नाही. मी चांगला धडधाकट असताना माझ्या घरी लोक बसायला आले होते. बसायला म्हणजे पाहुणचाराला नव्हे हो, दुखवट्याला! आणि माझ्या मरणाची बातमी कुणी पसरवली? मीच की.

मी आर्णी तालुक्यातल्या एका शाळेत मास्तर. बोंडअळीनं कापूस पोखरून टाकला, ती वर्षं. शेतात काही पिको न पिको, घराघरांत स्मार्टफोन मात्र पोचला होता. पोरं शाळेतून आली की त्यातच डोकं घालून बसायची. म्हणून वरून हुकूम आला, पालकांना इंटरनेटच्या धोक्यांबद्दल जागं करा. प्रशिक्षणाला आमच्या शाळेतून मला पाठवलं. का? तर स्टाफमध्ये पासवर्ड बदलता येणारा मी एकटाच होतो.

परत आलो तो खिशाला तालुका प्रशिक्षकाचा बिल्ला लावून, तज्ज्ञ होऊनच. मग काय विचारता! दर पालक सभेत माझं भाषण. पोरांचे फोटो टाकू नका, त्यांचं नाव, शाळा सांगू नका, फोन नंबर तर चुकूनही देऊ नका. माझी पोरगी समीक्षा तेव्हा आमच्याच शाळेत पाचवीत होती. घरी तिच्यासमोरच भाषणाचा सराव करायचो, त्यामुळे ते तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ झालं होतं.

मग आला तान्हा पोळा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात, घरोघरी बोजारा म्हणून खाऊ मागतात. गावात त्या दिवशी वेशभूषेची स्पर्धाही असते. बाकीचे आपली पोरं शिवाजी, कृष्ण बनवून आणतात. माझं डोकं मास्तरचं. मी म्हटलं, आपण काहीतरी सामाजिक करू.

समीक्षाला फाटका फ्रॉक घातला. गालावर काजळाचे ओघळ काढले. एका हातात बैलाची दोरी, दुसऱ्या हातात किडकं बोंड. बाप गेलेली शेतकऱ्याची पोर! पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. त्याच रांगेत खरोखर बाप गेलेली एक पोरगी उभी होती. तिच्या आईनं तिला होता तो चांगला फ्रॉक धुऊन घातला होता. तिच्याकडे परीक्षकांनी पाहिलंही नाही. मीही पाहिलं नाही.

मी फोटो काढायला लागलो तशी समीक्षा म्हणाली, "बाबा, मोबाइलवर नका टाकू. मी रडकी दिसून राह्यली."

पण कौतुकाची खाज सुटली होती ना मला! फोटो टाकला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बाप गेला, बैल उरला.' खाली बारीक अक्षरात समीक्षाचं आडनावासकट नाव आणि वेशभूषेत पहिलं बक्षीस. लाइकवर लाइक. शाळेत छाती काढून फिरत होतो.

कुण्या हुशार माणसानं काय केलं? बक्षिसाची ओळ उडवली, आडनाव तेवढं ठेवलं. 'यवतमाळच्या या अनाथ लेकराला मदत करा' असं जोडलं आणि खाली स्वतःचा खाते क्रमांक टाकला. फोटो निघाला फिरायला. मला पत्ताच नाही.

रविवारची सकाळ. मी ओसरीवर पोहे खात बसलो होतो, वर तर्री ओतलेली. एवढ्यात फाटकातून हंबरडा ऐकू आला. केळापूरची आत्या! तिच्यामागे तिची सून, मुलगा, आणखी दोन बाया. आत्यानं डोळे पुसून वर पाहिलं तर मी समोर, हातात चमचा.

"बाळू, तू तं पोहे खाऊन राह्यला," आत्या म्हणाली.

"मंग काय करू?"

"अरे, तू मेला म्हणून आली ना मी. मोबाइलवर आलं. पोरीचा फोटो हाय, आपलं आडनाव हाय."

आत्याला आनंद झाला की राग आला, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. आधी माझ्या गालावरून हात फिरवला आणि मग त्याच गालावर एक ठेवून दिली. पांढरकवड्याला एसटीत बसल्यापासून ती रडत आली होती. कंडक्टरनं तिला पुढची सीट दिली, बायांनी पाणी पाजलं. मी विचारलं, "आत्या, मी कसा मेलो, हे कोणी विचारलं नाही?"

"कायले विचारतीन?" ती म्हणाली.

बरोबर होतं तिचं. भाचा गेला एवढं ऐकल्यावर सगळी बस गप्प झाली होती. आमच्या जिल्ह्यात तो प्रश्न विचारायची पद्धतच उरली नव्हती. मी स्पर्धेसाठी जे पोरीच्या गालावर काजळानं काढलं, ते बसमधल्या किती जणांच्या घरी खरं असेल, कोण जाणे. मला स्वतःची शिसारी आली.

आता इथं मी थांबायला हवं होतं. फोटो काढून टाकायचा, पोलिसांत जायचं, बस. पण तज्ज्ञ कधी थांबतो का? मी तडक खुलासा लिहिला. 'हा मेसेज खोटा आहे. मी जिवंत आहे. ही माझी मुलगी समीक्षा.' मग पुरावा नको? तिचं पूर्ण नाव दिलं, वर्ग दिला, शाळा दिली, गाव दिलं, सोबत पुन्हा तोच फोटो. 'खात्री करायची असल्यास या नंबरवर फोन करा.' आणि नंबर कोणता? माझा शाळेत बंद असतो, म्हणून घरचा दिला. शेवटी हात जोडून विनंती, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा!

लोकांनी पोहोचवलं. इतक्या मनापासून माझं कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

घरचा फोन वाजायचा थांबेना. पोरीच्या नावावर पैसे गोळा करतो म्हणून कुणी मला चोर म्हणालं. कुणाला पोरगी दत्तक हवी होती. एक दिवस शाळा सुटली, मी कामासाठी मागे थांबलो. बायको पाणी भरायला गेली असताना फोन समीक्षानं उचलला. मी शाळेतून आलो तर ती दाराला आतून कडी लावून बसलेली. माझा आवाज ओळखून तिनं कडी काढली आणि सांगितलं. कुणी माणूस होता. बेटा म्हणत होता. शाळा कितीला सुटते ते त्याला माहीत होतं. तुझ्यासाठी नवा फ्रॉक आणलाय, शाळेच्या फाटकाशी थांब, म्हणाला.

"मी काहीच नाही सांगतलं त्याले," ती म्हणाली. "त्याले सारंच माहीत होतं."

तिला घेऊन तसाच ठाण्यात गेलो. दुसऱ्या दिवसापासून बरेच दिवस ती शाळेत जायलाच तयार नव्हती. माझ्याच पोरीला माझ्याच शाळेच्या फाटकाची भीती बसली होती.

ठाण्यातले हवालदार वयस्क होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नंबर उतरवून घेतला, माझा खुलासा वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. माझ्या शर्टाच्या खिशाला अजून तालुका प्रशिक्षकाचा बिल्ला होता, त्याच्याकडे फक्त पाहिलं. मग खुर्ची ओढून समीक्षासमोर बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हे पाय बाई, आपलं नाव, आपली शाळा, आपला नंबर असा कोणालेही सांगायचा नसते. मी तुले नीट समजावून सांगतो, हं?"

समीक्षा म्हणाली, "मले माहीत हाय, काका. बाबाले सांगा."

आणि ती उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मी आत थांबलो.