काय झालं, ते सोडून

मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा माझ्या बरोबरीच्या मुलींची दुसरी बाळंतपणं होत होती. नवरा शहराबाहेर वाडी नावाच्या गावाला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर सुपरवायझर होता. मारत नव्हता, पीत नव्हता. बोलत नव्हता, एवढंच. भाजीत मीठ जास्त पडलं, मी न सांगता शेजारणीकडे गेले, अशा कशानंही त्याचं तोंड बंद व्हायचं, ते महिना महिना उघडायचं नाही. मी ताट वाढायची, तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. बाहेर ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडायचे, तेवढाच माणसाचा आवाज.

असं कारण कुणाला पटणार? माहेरी, काटोलला, धाकट्या बहिणीचं लग्न जुळत होतं, म्हणून बाबांनी मला शहरात धरमपेठेत विधवा आत्याकडे ठेवलं. आत्या बालवाडीत शिकवायची. तिच्या घरी मग मामा, काका, नवऱ्याचे चुलते समजूत घालायला येऊ लागले. चहा झाला की मला समोर बसवायचे आणि विचारायचे, काय झालं? पुरुषांच्या त्या बैठकीत मान खाली घालून मी सगळं सांगायची. खोलीत तो कुठे झोपायचा, मी कुठे, हेसुद्धा. कान तापायचे. पण सांगून सांगून ते मला पाठ झालं होतं. कुठे थांबलं की मामा हळहळतात, हेही कळलं होतं.

एकदा आत्याबरोबर मेथी निवडत असताना मी पुन्हा तेच सुरू केलं. तिनं मला थांबवलं.

"तुले काय नको, ते समजलं वं. आता जायचं कुठं आहे तुले?"

"वाडीले नाही जायचं."

"ते नाही विचारून राहिली मी. जायचं कुठं आहे?"

मी मेथीच्या काड्या मोडत राहिले. माणसांसमोर मान खाली जायची, ती लाज वेगळी. या वेळी मला माझीच लाज वाटली. इतके दिवस मी त्याच्याबद्दल बोलत होते. स्वतःबद्दल विचारल्यावर बोलायला एक वाक्य नव्हतं.

पुढे कितीतरी दिवस आत्यानं विषय काढला नाही. मी अंगणात कपडे वाळत घालायची तेव्हा रस्त्यानं सायकलींवर कॉलेजच्या मुली जायच्या. मी मॅट्रिक झाले होते, लग्न ठरलं म्हणून पुढचं राहिलं होतं. एका सकाळी आत्याकडे पाठ करूनच म्हणाले, मले कॉलेजात जायचं आहे. आत्या हसली नाही. विषय कोणते घेशील, एवढंच तिनं विचारलं. तेही मला माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर मुली उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. गळ्यात मंगळसूत्र, अंगावर प्रौढ बाईला शोभेल अशी जाड साडी. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा हसू फुटलं. ते हसू मला वर्षभर ऐकू येत होतं.

दिवाळीनंतर शेवटची बैठक झाली. या वेळी काटोलहून बाबा आले होते, नवराही आला होता. चुलत्यांनी विचारलं, काय त्रास होता, सर्वांसमोर एकदा सांग. सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती.

मी म्हणाले, "मले बी.ए. करायचं आहे. अन् इथं आत्याजवळच राहायचं आहे."

"ते ठीक आहे. पण याचं काय चुकलं?"

"ते आता नाही सांगत."

 तेव्हा नवऱ्यानं मान वर केली. "शिकू द्या तिले," तो म्हणाला.

मला त्याच्याकडे बघवेना. त्या खोलीतल्या एकूण एक माणसाला मी त्याचा अबोला वर्णन करून सांगितला होता, आणि तो त्यांच्यातच हात मांडीवर ठेवून बसला होता.

बाबांना सोडायला मी बसपर्यंत गेले. वाटेत ते म्हणाले, "शिकायचं आहे, हे लग्नाच्या आधी काहून नाही सांगितलं गं?"

"मलेच माहीत नव्हतं, बाबा."

 काटोलची बस लागली होती. त्यांनी खिडकीजवळची जागा धरली आणि मला हातानंच सांगितलं, जा आता, उशीर होईल.