इंजिन धुण्याची बाटली

वैजयंतीनं व्हॅन गॅरेजसमोर उभी केली. पिशवीतून एक चकचकीत बाटली काढली आणि राजेसाबांच्या हातात दिली.

"चाचा, हे इंजनात ओता. आतनं सगळं धुऊन निघतंय म्हणं. अजिंक्यनं मोबाइलवर बघितलंय."

अजिंक्य तिचा भाचा. त्याच्याकडं गाडी नाही, पण गाड्यांबद्दल त्याला सगळं माहीत असतं.

राजेसाबांचं गॅरेज अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या रांगेत शेवटी. पस्तीस वर्षं ते तिथं गाड्या खोलतात. गिऱ्हाइकाशी मराठी, अक्कलकोटकडचा असला तर कन्नड, घरी दखनी. कुठल्याही भाषेत थोडंच बोलतात. गाडीखाली सरकताना चष्मा काढून खिशात ठेवतात. बोटांना जास्त दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

वैजयंती जवळच्या कुंभारी गावची. टॉवेलच्या शिलाईला येणाऱ्या सात बायकांना सकाळी व्हॅनमधून आणते, संध्याकाळी नेते. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या व्हॅनवर चालतं. गाडी चौदा वर्षांची. तिच्याकडं आली ती तिसऱ्या हातानं. गेला महिनाभर चढ आला की गाडी दम टाकत होती.

राजेसाबांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली.

"ह्या गाडीला नको. येळेवर ऑइल बदललेल्या गाडीत घातलं तर बिघडत न्हाय काय. लई सुधारतंय असंबी न्हाय. तुझ्या गाडीत आधीच्या मालकांनी काजळीचे थर बसवलेत. ते एकदम सुटले तर जातील कुटं?"

"भाईर."

"भाईर जायची वाट बारीक हाय, पोरी. खाली ऑइलच्या चेंबरमधी जाळी असती. तिच्यातनंच ऑइल वर चढतं. जाळी तुंबली की ऑइल बंद. मग इंजन जाम. उद्याचा दिवस गाडी हितं ठेव. खोलून हातानं साफ करतो."

वैजयंती हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"खोलायचाच नाद तुमाला. बाटलीनं भागलं तर मिस्तरीला कोन इचारतंय? म्हणून नको म्हणताय की."

राजेसाबांना लोक हट्टी म्हणत. हळू काम करतो म्हणत. नसलेलं काम काढतो, असं कुणी म्हटलं नव्हतं.

"ओततो मग," ते म्हणाले.

बाटली ओतली. इंजिन दहा मिनिटं जागेवर चालू ठेवलं. मग जुनं ऑइल खाली सोडलं. कारखान्यातून टाकून दिलेले टॉवेलचे तुकडे त्या रांगेतले सगळे मिस्तरी हात पुसायला वापरतात. राजेसाब गाडीतलं जुनं ऑइल त्या तुकड्यांतून गाळतात. गाडीच्या पोटात काय चाललंय ते त्यांना त्या तुकड्यावर कळतं.

तुकडा काळा झाला. त्यावर कण होते. करपलेल्या मोहरीएवढे, पुष्कळ.

म्हणजे आतला थर सुटला होता. थोडा बाहेर आला होता, बाकीचा जाळीकडं निघाला होता.

चेंबर आत्ताच खोलायला हवं होतं. पण तसं म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, बघा, काढलंच काम. राजेसाबांनी तुकडा मुठीत चुरगळला. नवं ऑइल भरलं. इंजिनाचा आवाज खरोखरच मऊ झाला होता.

"ऐकलं का?" वैजयंती म्हणाली.

"ऐकलं."

ती गेली.

घरी बायकोनं, सरदारबीनं, ताट वाढलं. राजेसाबांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. तिनं विचारलं तेव्हा सांगून टाकलं.

"कल बोलतूं उसको," ते म्हणाले.

"कल तक गाडीच बोल देती," सरदारबी म्हणाली.

त्यांनी फोन लावला. वैजयंतीचा फोन बंद होता.

सकाळी उजाडताच ते मोपेडवर ऑइलचा डबा आणि पान्यांची पिशवी घेऊन कुंभारीत पोचले. बायका व्हॅनमध्ये बसत होत्या. वैजयंतीचा हात किल्लीवर होता.

"फिरवू नको! चेंबर खोलायचंय."

"आता? सातला गेट बंद हुतंय, चाचा."

"आमची हजेरी तुमी मांडनार काय?" आतून ईरम्मा ओरडली. ती सगळ्यांत म्हातारी, आणि तोंडाची फटकळ.

राजेसाबांनी पान्यांची पिशवी जमिनीवर टेकवली. चष्मा खिशात घातला आणि गाडीखाली सरकले. सहा बायका चडफडत रिक्षानं गेल्या. ईरम्मा मात्र थांबली. "बघू तरी म्हातारा काय काढतोय," म्हणून तिनं दगडावर बैठक मारली.

तासाभरानं जाळी हातात आली. वाटीच्या तोंडाएवढी. तिच्यातून उजेड येईल अशी जागा नखाएवढीच उरली होती.

वैजयंतीनं ती हातात घेतली. उजेडाकडं धरून पाहिली.

"काल दिसलं हुतं तुमाला?"

"व्हय."

"मग?"

ईरम्मा ऐकत होती. शेजारचे दोघे-तिघे उभे होते. राजेसाब म्हणाले, "तू म्हणालीस ते लागलं मला. म्हणून गप बसलो. चुकलं माझं."

त्यांनी जाळी धुतली, चेंबर बसवलं, ऑइल भरलं. मग काहीतरी आठवल्यासारखे थांबले आणि एअर फिल्टरचं झाकण उघडलं. आत कापसाची लव गादीसारखी दाबून बसली होती. संध्याकाळी बायका सुटेपर्यंत व्हॅन रोज कारखान्याच्या पंख्याखाली उभी असायची. पंखा आतली लव बाहेर फेकतो. त्या रांगेतल्या प्रत्येक गाडीचं हेच होतं. राजेसाबांइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं.

"गाडी ह्याच्यामुळं वढत नव्हती," ते हळू म्हणाले. "श्वासच घेता येत नव्हता तिला. पाच मिनिटांचं काम. काल भांडत बसलो, बघितलंच न्हाय."

"पस्तीस वर्षं मिस्तरी म्हणं!" ईरम्मा म्हणाली आणि पोट धरून हसली.

वैजयंती हसली नाही. तिनं किल्ली फिरवली. ऑइलचा लाल दिवा लागला आणि विझला. "बसा पुढं," ती म्हणाली. मोपेड तिच्या दारातच राहिली.

चढावर गाडी दम न टाकता वर गेली. वैजयंती समोर बघत होती.

"चाचा, हितनं पुढं काय दिसलं तर सांगायचं. मी शिव्या घातल्या तरी सांगायचं."

"मग आत्ताच सांगतो," राजेसाब म्हणाले. "ब्रेक लई खाली लागतोय तुझा."

वैजयंतीनं पहिली शिवी तिथंच घातली.