दिवेलागणीची झडती

सुमनने आणि मी शेवटचं काय एकत्र केलं, तर सोलं आत आणली. आंगणात चटईवर भिरंडांची, म्हणजे कोकमाची, सालं वाळत घातली होती. ऊन उतरलं तसं तिने एका बाजूने चटई धरली, मी दुसऱ्या. दोघांच्याही कमरा गेलेल्या. मध्येच चटई वाकडी झाली आणि पाचदहा सोलं मातीत पडली. "तुमका एक चटई धरूक येयना, आणि आयुष्यभर माडावर कसे चढलात?" असं ती म्हणाली. मी म्हटलं, "माडाक कटकट करपी बायल नसता." ती हसली. पडलेली सोलं वेचून तिने पदराला पुसली आणि परत चटईत टाकली. रात्री निजली ती सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. असेल. माझा डॉक्टरांवरही फार विश्वास नाही, पण ह्या वेळी दुसरं कोणाला धरायचं?

वारलेल्या माणसाबद्दल पेपरच्या पुरवणीत गोड गोड लिहितात, ते मी वाचतो. मला तसं जमणार नाही. मी चार बुकं शिकलेला पाडेली, लोकांचे नारळ पाडून पोट भरलं. सुमन देवी नव्हती. हट्टी होती, तोंडाने फटकळ होती, आणि शेवटची वीस-पंचवीस वर्षं तर दारात आलेल्या प्रत्येकाकडे चोर असल्यासारखी बघायची. गावात तिला त्यावरून नावं ठेवली. पण ती तशी जन्मली नव्हती. ती तशी कशी झाली, ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

तिचं माहेर नार्व्याचं, नदीकाठचं. आई लवकर गेली, तेव्हा धाकटा भाऊ वासू तिच्या कडेवर होता. लग्न होऊन ती आमच्या पेडण्यात आली, ती वासूला घेऊनच आली म्हणा ना. आम्हाला मूल झालं नाही. वासूच वाढला घरात, बहिणीला आका म्हणत. मोठा झाल्यावर मोटरसायकल घेऊन पायलट झाला, म्हणजे माणसांना मागे बसवून भाड्याने सोडणारा. त्या वेळी गोव्याचं राज्य नुकतंच झालं होतं, कोकणी-मराठीची भांडणं अजून गरम होती, आणि आमच्या किनाऱ्यावर गोरे लोक येऊन महिनोन् महिने राहू लागले होते. वासूची भाडी बहुतेक त्यांचीच. मला ते आवडत नव्हतं. कोण कुठला माणूस, त्याच्या पिशवीत काय, हा विचारत नव्हता. मी एकदा टोकलं, तर सुमन माझ्यावरच घसरली, "तुमका सगळ्यांचो संशय. माझ्या भावाचो तरी नाका."

एके दिवशी मी हळर्णला नारळ पाडून घरी परतत होतो. वाटेवरूनच दिसलं, दारात जीप, आंगणात वाड्यावरचे, म्हणजे आमच्या वस्तीतले, लोक. झडती चालली होती. सुरुवातीला काय झालं ते सुमनने मला सांगितलं, आणि ते तिने नंतर कधी एका शब्दाने बदललं नाही. ती तुळशीत दिवा लावून वळते, तर फौजदार आणि दोन शिपाई दारात. पंच म्हणून दोन माणसं त्यांनी जीपमधूनच आणली होती. तुम्ही म्हणाल पंच गावचे असायला हवेत. आम्हालाही तसंच वाटत होतं. फौजदार रीतीने बोलला. म्हणाला, "बाय, तुमच्या घराची झडती घ्यायची आहे. त्याआधी हवी तर तुम्ही आमची झडती घ्या. आमच्या अंगावर काही नाही, याची खात्री करा." कायद्यात तशी पद्धत आहे म्हणे. आणि माझी बायको काय म्हणाली? "छे छे, बसा. पाणी घ्या आधी." गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेली. झडती घ्यायला आलेल्यांना गूळ-पाणी!

मी आंगणात पोचलो तेव्हा एक शिपाई भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता. घरात दोन खोल्या, पेटारा, माळा, चूल. बाकी कुठे फार शोधल्याचं दिसत नव्हतं. त्याने हात काढला तर हातात प्लास्टिकची पुडी, आत काळं, डिंकासारखं. चरस. वासूला त्यांनी भिंतीशी उभं केलं होतं, मी त्याच्याकडे बघितलं. वासूने पुडीकडे बघितलं नाही, कणगीकडे बघितलं नाही. त्याने बहिणीकडे बघितलं... ती नजर मी आजपर्यंत शंभर वेळा उलटसुलट करून बघितली आहे. निरपराध माणूस असा बघतो, आणि अपराधीही असाच बघतो.

वासूला नेलं. वकील आम्ही डिचोलीचा केला, तरुण होता, अंगावरचा कोट त्याला मोठा व्हायचा. त्याने आम्हाला समजावलं की हा कायदा उफराटा आहे. दुसऱ्या गुन्ह्यात सरकारने सिद्ध करायचं असतं. यात माल जवळ सापडला, की आपल्याला ठाऊक नव्हतं हे आपणच सिद्ध करायचं. आणि शिक्षा दहा वर्षांच्या खाली नाही. मी विचारलं, "जवळ म्हणजे कोणाच्या जवळ? कणग माझी, भात माझं. मग मला का नाही नेलं?" तो म्हणाला, "हाच प्रश्न मी कोर्टाला विचारणार आहे. पण तुम्ही मोठ्याने विचारू नका, नाहीतर तुम्हालाही नेतील." खबर कोणी दिली, वासूचंच नाव कोणी घेतलं, ते कधी कळलं नाही. मी वाड्यावरच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत फिरायचो. ज्यांनी धीर दिला त्यांचा जास्त संशय यायचा.

साक्षीच्या आधी वकिलाने सुमनला समोर बसवलं. "मावशी, एवढंच सांगायचं. शिपायाने कणगीत हात घातला तेव्हा त्याची मूठ बंद होती. मुठीत काहीतरी होतं."

"माका दिसूक ना," सुमन म्हणाली. "माझी पाठ होती. मी तांब्यात पाणी ओतत होते."

"मावशी, दहा वर्षांचा प्रश्न आहे."

"दहा आसू दी नाहीतर वीस. पाठीक डोळे असतत काय?"

मीही तिला घरी येऊन सांगितलं. सांग गो, एक वाक्य, तोंड झिजणार नाही. तिने मला जेवण वाढलं आणि समोर बसून रडली, पण कबूल झाली नाही. मी आजही म्हणतो, तिने सांगायला हवं होतं. पोलीस पंचनाम्यात इतकं खोटं लिहितात, आपण एक वाक्य बोललो असतो तर काय आभाळ कोसळलं असतं?

कोर्टात तिला विचारलं, साक्ष कोकणीत देणार की मराठीत? ती म्हणाली, "तोंडाक येयत त्यात." लोक हसले. मग सरकारी वकील उठला. त्याने गोडीनेच सुरुवात केली. पोलिसांनी स्वतःची झडती देऊ केली होती का? होय. तुम्ही घेतलीत? ना. का नाही घेतलीत? म्हणजे पोलिसांच्या अंगावर काही नाही, याची तुम्हाला खात्री होती. मी मागे बाकावर बसून मनात म्हटलं, संपलं. वासू पिंजऱ्यात खाली मान घालून उभा.

सुमनला मात्र राग आला. घरात मला बोलायची तसा आवाज चढला. "खात्री कसली? मी तुळशीत दिवा लावून वळले होते. दिवा लागल्यावर दारात आलेल्याच्या खिशात हात घालतत? तुमच्या घरात घालतत? आमच्या घरात दिवेलागणीला आलेल्याला आधी पाणी देतत. मागीर तो चोर आसू दी नाहीतर पोलीस!"

पुन्हा हसले सगळे. सरकारी वकीलही हसून खाली बसला, कारण त्याला हवं ते मिळालं होतं. आमचा तो मोठ्या कोटातला वकील तेवढा हसला नाही. तो कागद चाळत होता. बाहेर चहाच्या गाड्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "भाऊ, पंचनाम्यात लिहिलंय की झडती दुपारी ऊन असताना झाली. सूर्य बुडाल्यावर वॉरंटशिवाय घरात शिरायचं तर का थांबता आलं नाही, ते आधी लिहून ठेवावं लागतं. ह्यांनी तसलं काही लिहिलेलं नाही." मी म्हटलं, "म्हणजे ती मूर्खासारखं बोलली ते कामाला आलं?" तो म्हणाला, "मूर्खासारखं नाही. पाठीमागचं दिसलं नाही असं सांगणारी बाई दिव्याचं खोटं सांगेल असं कोणाला वाटेल?"

खालच्या कोर्टाला तसं वाटलं. बहीण ती, भावासाठी बोलणारच. वासूला दहा वर्षं लागली. सुमन तेव्हा बसमध्ये खिडकीशी बसली. मी नेहमी म्हणायचो तेच वाटेत म्हटलं, मुठीचं सांगितलं असतंस तर... तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग पणजीला वरच्या कोर्टात अपील. तिथे वकिलाने दोन गोष्टी मांडल्या, एक दिव्याची, एक कणगीची. घर तिघांचं, कणग सगळ्यांच्या हाताखालची, तर माल एकट्या वासूच्या ताब्यात कसा? ते ऐकायला वर्षं गेली, वासू तुरुंगात पिकत राहिला. शेवटी निकाल लागला. सुटला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मी वकिलाला विचारलं, मला राहवलंच नाही, "म्हणजे पुडी वासूची नव्हती, असं कोर्ट म्हणालं?" तो म्हणाला, "तसं म्हणालं नाही. झडती कायद्याप्रमाणे नव्हती, आणि ताबा सिद्ध झाला नाही, असं म्हणालं." सुमन माझ्या शेजारीच उभी होती. तिने ते ऐकलं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि नसतं विचारलं तर बरं झालं असतं असं... जाऊ दे. विचारायचं होतं ते विचारलं. कोणीतरी विचारायलाच हवं होतं.

त्या दिवसापासून ती बदलली. दारात कोणी आला की उंबऱ्याबाहेर थांबवायची. "पिशवी दाखवा." विजेचा मीटर बघणारा, मासे विकणारी, पाव घेऊन येणारा पोदेर, कोणाला सूट नाही. मी बाहेरून आलो तरी माझी कोयत्याची पिशवी उघडून बघायची. एकदा सत्यनारायणाला भटजी आले, त्यांनाही सोडलं नाही. "अगं बाय, ह्यात देव आहेत!" भटजी ओरडले. "देव भायर काढून ठेवा पाटावर," ही म्हणाली, "बाकीचा बघतंय." भटजींनी निमूटपणे एकेक देव बाहेर काढला. लोक म्हणायचे, सुमनला कोर्टकेसचं वेड लागलं. वेड कसलं? एकदा गूळ-पाणी दिलं त्याचं काय झालं ते तिने भोगलं होतं. मी तर म्हणतो, उशिरा का होईना, शहाणी झाली.

पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. वासू सुटल्यावर आमच्याकडे राहिला नाही. डिचोलीला खाणीच्या ट्रकवर लागला, तिथेच खोली घेतली, लग्न केलं नाही. रविवारी यायचा, हातात पिशवी असायची. आणि सगळ्या जगाच्या पिशव्या बघणारी माझी बायको त्याच्या पिशवीकडे ढुंकून बघायची नाही. उलट तो दारात दिसला की ही पाठ फिरवून चुलीकडे जायची. "ये रे, हात-पाय धू" असं आतूनच म्हणायची.

एकदा तो गेल्यावर मी टोमणा मारला. "भटजीचे देव तपासलेस. भावाला मात्र मोकळं सोडतेस. त्याच्यावर एवढा विश्वास?"

ती भांडी घासत होती. हात थांबला. मला वाटलं, आता खवळेल. खवळली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "बघितली... आणि काय गावला तर?"

मग परत घासायला लागली. त्यानंतर आमच्यात हा विषय निघाला नाही. म्हणजे इतकी वर्षं मी एकटाच नव्हतो. माझ्या संशयावर चिडायची ती, आणि तिच्या पोटात माझ्याहून मोठा गोळा होता. मी निदान बोलून मोकळा व्हायचो. तिने भावाला कधी विचारलं नाही, त्यानेही आपणहून सांगितलं नाही. आणि आता विचारणारीच गेली. शिपायाची मूठ बंद होती की उघडी, ते मला ठाऊक नाही. मी मरेन तेव्हाही ठाऊक नसेल.

तिला अग्नी वासूने दिला. मीच त्याला पुढे केलं. लोक पांगले, तोही डिचोलीला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यावर बसलो होतो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून पहिल्या बसने तो पेज घेऊन आला. पण आत आला नाही. माझ्यासमोर आंगणात उकिडवा बसला आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

"भावजी, बघा."

"कित्याक?"

"आका सगळ्यांची बघी. भटाची बघितली. तुमची बघी." त्याचे केस आता सगळे पांढरे झालेत. "माझी तेवढी एकदाय बघूक ना. मी दर रविवारी वाट बघी... आज बघतली, आज बघतली म्हणान."

मी नको म्हटलं नाही. पिशवी पुढ्यात घेतली. पेजेचा डबा काढला, झाकण उघडून बघितलं, बंद केलं. कागदात बांधलेलं लोणचं सोडून बघितलं. घडी केलेला पंचा झटकला. विड्यांचं बंडल, काड्यापेटी, ट्रकची किल्ली एकेक करून उंबऱ्यावर ठेवली. पिशवी उलटी करून शिवणीवरून बोट फिरवलं. मग त्याला उभं केलं आणि शर्टाचे, पँटीचे खिसे चाचपले, नीट, वरवर नाही. तो हात वर करून लहान पोरासारखा उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळं जिथल्या तिथे पिशवीत भरून मी ती त्याच्या हातात दिली.

"पाय धू," मी म्हटलं, "आणि भितर ये. पेज निवता."