तुफानचा अंगठा

माझ्या बायकोच्या भावाला कामावर सगळे तुफान म्हणायचे. विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात आम्ही दोघे एकाच टेबलावर तारेच्या गुंडाळ्या भरायचो. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला, हे कबूल. धीर मात्र औषधालाही नव्हता.

एकदा मोटारीचं झाकण त्याच्या उजव्या अंगठ्यावर पडलं आणि नख मुळापासून निघालं. जखम भरली, पण केसासारखी बारीक तार चिमटीत येईना. बोटाच्या मऊ मांसाला मागून नखाचा आधार असतो. तो गेला की बोट नुसतं दबतं. मालकाने त्याला झाकणं घासायला बसवलं. "नख आलं आणि तार उचललीस, तर टेबल तुझं. नाहीतर दुसरा माणूस बघतो."

झालं, गडी हात धुऊन नखाच्या मागे लागला. शेंड्याला तेल चोळलं. मुळाशी नवं नख जरा दिसू लागलं, तर ब्लेड घेऊन तिथली कातडी खरवडायला बसला.

"हे काय चाललंय?"

"वाट मोकळी करतोय, दाजी. अडकलं असेल."

अंगठा टम्म सुजला. डॉक्टरांनी समजावलं ते मी त्याला घरी पुन्हा समजावलं. नख शेंड्याकडून वाढत नाही. कातडीखाली मुळाशी नवा थर तयार होतो, तो जुन्याला पुढे ढकलतो. पुढे आलेलं कडक आणि निर्जीव होतं, म्हणून कापलं तरी दुखत नाही. मूळ बिघडलं तर नख वाकडं येतं किंवा येतच नाही. हाताच्या अंगठ्याला सहाएक महिने, पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष.

"मग पायावर नाही पडलं हे नशीबच," म्हणाला, आणि पुन्हा ब्लेड शोधू लागला.

बायकोने घरातली सगळी ब्लेडं कुलपात टाकली. "अंगठ्याला हात लावलास तर जेवायला येऊ नकोस," तिने भावाला बजावलं. मी रोज पट्टी बांधायचो आणि संध्याकाळी गाठ माझीच आहे ना, ते तपासायचो. कष्टाला तो कधी मागे हटला नाही. काहीच न करण्याचे कष्ट मात्र त्याला झेपत नव्हते.

शेवटी नख आलं. मधोमध उभी खाच, ब्लेडची कृपा. मालकाने सर्वांत बारीक तार टेबलावर टाकली. तुफानने ती पहिल्याच चिमटीत उचलली आणि टेबल परत मिळवलं.

त्याच संध्याकाळी घरी कानस घेऊन बसलेला.

"आता काय?"

"खाच घासतोय, दाजी. तार अडकते."

"ती मुळातून येतेय, मूळ सावरलं तरच जाईल. घासून नख पातळ होईल, खाच राहील."

"मग करू काय?"

"थांब."

मी जणू त्याची किडनी मागितली, असं त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कानस काढून घेतली आणि पट्टी आणायला उठलो.