फळ्याचा लाल कोपरा

प्रज्ञाताई गेल्याची बातमी मला सकाळी सव्वादहाला आली होती आणि दुपारी दोनपर्यंत ती मी उघडलीच नव्हती. ती आली आमच्या 'फळ्या'वर. फळा म्हणजे आमच्या संस्थेचं कामवाटपाचं सॉफ्टवेअर, ताईनंच बनवलेलं. यवतमाळ जिल्ह्यातली मुकुटबन, झरी आणि पुसद ही तीन केंद्रं आणि पुण्याचं मुख्य ऑफिस त्यावरूनच एकमेकांशी बोलतात. कोण कोणत्या गावाला जाणार, कुठलं काम अडलं, जीप कुठं आहे, सगळं त्यावर. पुसद केंद्रानं बातमी हिरव्या चौकटीत टाकली, कारण त्यांच्याकडे हिरवं म्हणजे 'सगळ्यांनी आधी हे वाचा'. माझ्या पुण्याच्या स्क्रीनवर हिरवं म्हणजे 'काम झालं, बघायची गरज नाही'. मी हिरवी चौकट पाहिली, झालं असेल काहीतरी म्हणून खाली सरकवली आणि पुढचा फोन घेतला. दुपारी मुकुटबनहून नामदेवभाऊंचा फोन आला. ते आमच्या जीपचे ड्रायव्हर. म्हणाले, "निघाली का वो तू?" मी विचारलं, कुठं? ते म्हणाले, "म्हणजे तुले मालूमच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुसदला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ताईचा भाऊ अंगणात खुर्च्या एकावर एक रचत होता. त्यानं मला नाव घेऊन ओळखलं आणि सांगितलं, पुण्याची पोरगी येईल म्हणून आम्ही रात्री उशिरापर्यंत थांबलो होतो. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. सव्वादहाची चौकट सव्वादहालाच उघडली असती तर मी पोचले असते. आणि पुसदवाल्यांना त्यांचे रंग त्यांच्या मनासारखे निवडायला फोनवरून शिकवलं कोणी? मीच. म्हणून सहा आठवडे उलटले तरी माझा राग उतरलेला नाही, आणि तो फक्त दुसऱ्यांवरचाही नाही.

मी झरी जामणी तालुक्यातली. नववीत शाळा सुटली, ती सुटलीच. मुकुटबन केंद्रात गावोगाव फिरून फवारणीच्या वेळी तोंडाला काय बांधायचं, हात कसे धुवायचे, हे सांगायचं काम मी करत होते. अक्षर बरं होतं म्हणून ऑफिसातला फळाही मीच लिहायची. हा खराखुरा लाकडी फळा, शाळेतून काढून टाकलेला. ती कापसाची वाईट वर्षं होती. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर वाढायची, बोंडअळी आतून बोंडं खायची आणि लोक घाबरून दोन-दोन औषधं एका पंपात कालवून फवारायचे. फवारणारा मजूर अर्ध्या वावरातच चक्कर येऊन पडायचा. अशा वेळी दवाखान्यात न्यायला गाडी एकच, आमची जीप.

ताई पहिल्यांदा आली ती पुण्याच्या ऑफिसकडून, सॉफ्टवेअर बनवायला. पुसदच्या सायकल दुरुस्तीवाल्याची मुलगी, इंजिनिअर झालेली, मोठी कंपनी सोडून संस्थेत आलेली. आम्हाला वाटलं लॅपटॉप उघडून बसेल आणि आम्हाला शिकवेल. ती तीन दिवस फळ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. कोण येतं, काय लिहितं, काय पुसतं, एवढंच पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी नामदेवभाऊ म्हणाले, "ताई, फळ्याशी लगन लावता का?" ती हसली आणि तिनं विचारलं, हा वरचा उजवा कोपरा लाल कोणी रंगवला? भाऊंनीच रंगवला होता, जीपच्या मागच्या फळीला लावून उरलेल्या ऑइलपेंटनं. आधी गाडी कुठं पाठवायची ते आम्ही फळ्यावर जागा मिळेल तिथं लिहायचो. एकदा कुणीतरी बैठकीचा विषय लिहायला अख्खा फळा पुसला, त्यात एका गावाचं नाव पुसलं गेलं, आणि गाडी उशिरा गेली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी कोपरा रंगवला. त्यात फक्त गाडीचं गाव लिहायचं, दुसरं काहीच नाही. ते ताईला म्हणाले, "खडूचं पुसून जाते न ताई. हे पुसलं तर माणूस जाते."

ताईनं ते वहीत लिहून घेतलं. पुढचं सगळं सॉफ्टवेअर त्या एका वाक्यातून निघालं, असं ती मला शेवटपर्यंत सांगायची. प्रत्येक केंद्राच्या कामाची तऱ्हा निराळी होती. मुकुटबनात आमचा आठवडा बाजाराच्या दिवशी सुरू व्हायचा, कारण गावोगावची माणसं एका जागी भेटायची ती बाजारातच. झरीच्या कार्यकर्त्या कोलाम वस्त्यांना, म्हणजे पोडांना, तिथल्या जाणत्या माणसाच्या नावानं ओळखायच्या. सरकारी कागदावर त्याच पोडाचं नाव भलतंच असायचं. पुसदवाल्यांना तारखेशिवाय सुचायचं नाही. ताईनं कुणाला काही बदलायला लावलं नाही. संगणकाच्या पोटात पोडाला एकच नाव, वर दिसायला ज्याचं त्याचं. आठवडा ज्याचा त्याचा, कामांचे शब्द ज्याचे त्याचे. झरीच्या बायांनी तर एका कामाला 'डोकं खाणारं' असं नाव दिलं होतं, तेही तिनं राहू दिलं. फक्त वरचा उजवा कोपरा तिन्ही केंद्रांत, पुण्यात आणि भाऊंच्या मोबाइलवर एकाच जागी, एकाच लाल रंगात, एकाच अर्थाचा. तो कुणाला हलवता येत नव्हता, खुद्द तिलाही नाही.

प्रत्येक स्क्रीन ती आधी माझ्या हातात द्यायची. मी भीत भीत बोट लावायची, चुकलं की माफी मागायची. एकदा तिनं मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "तुले समजलं नाही म्हणजे माझं चुकलं. माफी मी मागाची का तू?" आयुष्यात कुणी माझ्याशी असं बोललेलं नव्हतं. पुढे तिनंच मला पुण्याला नेलं, केंद्रांतल्या लोकांना फोनवर मदत करायच्या टेबलावर बसवलं. माझं शिक्षण विचारलं गेलं तेव्हा तिनं सांगितलं की ही माझी परीक्षक आहे. आजही सरांनी, म्हणजे पुण्याच्या ऑफिसच्या प्रमुखांनी, केबिनमध्ये बोलावलं की मला वाटतं, आता नववी निघणार. पण त्या खुर्चीवर मी बसले आहे ती ताईमुळे, हे विसरणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

दोन हंगाम तो फळा चालला. कोपरा लाल झाला की हातातला चहा संपायच्या आत गाडी वळलेली असायची. मग पुण्यातल्या मोठ्यांना तो बेंगरूळ वाटू लागला. आमच्या सरांचं म्हणणं, तीन केंद्रांचे तीन आठवडे कसे, अहवाल जुळत नाहीत, देणगीदारांना दाखवायचं काय. सगळ्यांचा आठवडा सोमवारी सुरू झाला, गावांची नावं कागदावरची आली, कामांचे शब्द पाठ्यपुस्तकातले आले. 'डोकं खाणारं' जाऊन 'प्रलंबित समन्वय' आलं. लोकांनी काय केलं? खरं काम वहीत लिहायला लागले, आणि बाजाराच्या दिवशी बसून सोमवार ते शनिवारचे रकाने एका दमात भरून टाकायला लागले. अहवाल मात्र छान जुळले. सरांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं.

ताई वर्षभर भांडली. शेवटी सरांना वहीची गोष्ट कळली, तेव्हा ते एकदम दुसऱ्या टोकाला गेले. नवी आवृत्ती आली : ज्याला जे हवं ते, जसं हवं तसं. रंग, चौकटी, जागा, अर्थ, सगळं. मीटिंगमध्ये ते पडद्यावर दाखवत असताना ताई उठून उभी राहिली. म्हणाली, "सर, आधी तुम्ही त्यांच्या हातचा खडू काढून घेतला. आता पेंट खरवडायला देता. खडू द्या, पेंट नका देऊ." सर हसले. स्वातंत्र्य द्यायचं तर अर्धं कशाला, म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, तू त्या भागातली आहेस, तुला काय वाटतं?

मी म्हणाले, "चांगलं आहे सर."

ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली. नंतर चहाच्या टपरीवर तिनं मला एवढंच विचारलं, "भेली न तू?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मीबी भेते. पण एक डाव सांगून पाह्य त्यांले. माझं आयकत नाहीत, तुझं आयकतील." मी हो म्हटलं, आणि सांगितलं नाही. त्याच वर्षी तिच्या किडनीचा आजार बळावला, ती पुसदला परत गेली. मी मात्र माझ्या टेबलावर बसून तिन्ही केंद्रांना रंग बदलायला शिकवत राहिले, गोड आवाजात, सरांनी शिकवला तसा.

पुसद केंद्रानं लाल रंग 'अहवाल बाकी'ला दिला. तिथं रोज अर्धा पडदा लाल. त्या हंगामात झरीकडच्या एका पोडावरचा जंगूदादा दुसऱ्याच्या वावरात फवारता फवारता पडला. तिथल्या कार्यकर्तीनं टेकडीवर चढून, रेंजचा एक दांडा मिळवून, लाल चौकट टाकली आणि तिची रेंज गेली. नामदेवभाऊ तेव्हा जंगलपट्ट्यात होते, त्यांनाही रेंज नव्हती. अशा वेळेसाठी ताईनं रीत बसवली होती : लाल जो आधी पाहील त्यानं पुढच्या गावच्या दुकानात फोन लावायचा आणि गाडी वळवायची. बहुतेक वेळा पुसदवालेच आधी पाहायचे. त्या दिवशीही त्यांनी पाहिलं. त्यांना वाटलं, अजून एक अहवाल बाकी. जंगूदादाला बैलगाडीनं सडकेपर्यंत आणलं, तिथून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर. तो वाचला. पण आता समोरचा माणूस त्याला आवाजावरून ओळखावा लागतो. पुण्यात या प्रकरणाचा कागद झाला आणि त्यावर कारण लिहिलं गेलं : वापरकर्त्यांची चूक, आणखी प्रशिक्षण द्यावे. प्रशिक्षण देणारी मी.

ताईला मी फोनवर हे सांगितलं. मग तिनं जंगूदादाच्या घरी कोण कोण आहे ते विचारलं. मला एक शब्द बोलली नाही. बोलायला हवी होती...

ती गेल्यावर पुण्याच्या ऑफिसात शोकसभा झाली. पडद्यावर तिचा फोटो, खाली लिहिलं होतं, 'प्रत्येकाला आपापला फळा देणारी'. सर बोलले की पूर्ण स्वातंत्र्य हेच प्रज्ञाचं स्वप्न होतं. त्या माणसानं तिला जिवंतपणी दोनदा हरवलं, आणि आता तिच्याच नावानं स्वतःचा हेका सांगत होता. मी उठले. म्हटलं, "सर, हे ताईचं नाही. तिले लाल कोपरा सगळ्यांचा एक पायजे होता. मले त्या दिवशी इचारलं तेव्हा मी खोटं बोलली." पुण्यात आल्यापासून मी ऑफिसात वऱ्हाडी बोलले नव्हते. सर अगदी मऊपणे म्हणाले की तुझ्या भावना समजू शकतो, फळ्यावर रीतसर मागणी नोंदव. मी त्याच दिवशी नोंदवली. तिसऱ्या दिवशी ती चौकट हिरवी झाली. पुण्याच्या रंगात हिरवी.

हे छापून आल्यावर माझी खुर्ची राहील की नाही, मला माहीत नाही. भीती वाटतेच. पण एकदा भ्याले त्याचं काय झालं ते जंगूदादाच्या डोळ्यांत जाऊन पाहून आले आहे.

त्याच फेरीत मी मुकुटबनच्या ऑफिसात गेले. भिंतीवर आता टॅबलेट लावायची पट्टी आहे. लाकडी फळा नामदेवभाऊंनी मागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेला होता, आणि पाहून मला नवल वाटलं, त्यावर ताजा खडू होता. म्हटलं, भाऊ, हे काय? ते म्हणाले, झरीवाल्यांनी आणि आम्ही ठरवलं, गाडीचं गाव आधी फोनवरून इथं सांगायचं, मग त्या मोबाइलात काय रंगवायचं ते रंगवा. फळ्यावर आठवडा बाजाराच्या दिवसापासून लिहिलेला होता. 'डोकं खाणारं' परत आलं होतं. वरचा उजवा कोपरा रिकामा होता, लाल, कडेला पोपडे सुटलेला.

मी खडू उचलला. मला तिचं नाव लिहायचं होतं, सगळ्यांना दिसेल असं. हात आपोआप त्या कोपऱ्याकडे गेला. भाऊंनी माझं मनगट धरलं. हळूच म्हणाले, "तिथं नाही वो. तिथं फक्त गाडीचं."

मी खाली लिहिलं. बाजारानंतरच्या कामांच्या यादीखाली जागा होती तिथं, 'प्रज्ञाताई' एवढंच. पुढच्या बाजाराला ते पुसलं गेलं असेल. कोपरा रिकामाच राहू दिला.