आत्याचा पिसाचा खेळ

सुमन, मला अकोल्याला धाडलं तेव्हा तू आठ वर्षांची होतीस, मी दहाची. वलगावच्या मोटारथांब्यावर आपले बाबा ज्याला त्याला सांगत होते, "पोरगी शिकाले चालली." मला तेव्हाच खटकलं. गावात शाळा होती की! आणि भर वैशाखात आईनं मला लांब बाह्यांचं पोलकं का घातलं? विचारलं तर म्हणे, "गुमान बस."

अकोल्यात जठारपेठेत आत्या एकटी राहायची, विधवा मास्तरीण. रोज एक गोळी द्यायची. "रक्त वाढते," म्हणायची. मग तिनं स्वतः का घेऊ नये? तीच जास्त फिकट होती. दर रविवारी मात्र खेळ असायचा. "डोये मीट. कुठं लागलं सांग." कोंबडीचं पीस ती माझ्या दंडावर, हातावर, बोटांवर टेकवायची. बरोबर सांगितलं की मूठभर फुटाणे.

दंडावरच्या फिक्या डागावर मला काहीच कळायचं नाही. पुढं पुढं बोटांवरही कळेना. मग काय, पापण्यांच्या फटीतून बघून सांगायची! दर रविवारी मीच जिंकायची. वर्षभरानं आत्यानं डॉक्टरांना सांगितलं, सगळं लागते तिले. त्यांनी गोळ्या बंद केल्या. आत्या त्या दिवशी रडली. खेळात हरली म्हणून कुणी रडतं का, असं वाटून मी तिच्याकडं संशयानंच पाहिलं.

चौदाव्या वर्षी तव्याला हात चिकटला, आणि मला कळलं ते वासानं. तोवर दोन बोटं वाकायला लागली होती. तेव्हा स्वयंपाकघरात आत्यानं पहिल्यांदा नाव घेतलं. महारोग. "आधी सांगतलं असतं तर तू भ्याली असती," ती म्हणाली. मी ओरडले, "भ्याले असते, पण खोटं नसते बोलले!" बाई गं, काय राग आला होता! तिचा, आईचा, आणि सगळ्यात जास्त त्या फुटाण्यांसाठी चोरून बघणाऱ्या माझा.

पुन्हा गोळ्या सुरू झाल्या. रोग गेला, बोटं तशीच राहिली. त्याच हातानं हे लिहिते आहे.

गेल्या महिन्यात तुझ्या सासरहून, राजापेठेतून, तुझं पत्र आलं. अकोल्याची शाळा चांगली, माझ्या कुसुमला ठेवून घे. वाचलं आणि उलट टपाली विचारलं, डाग कुठं आहे? तू लिहिलंस, पाठीवर. खाली पुन्हा लिहिलंस, पोरीला कळू देऊ नकोस.

वलगावला गेले की आई अजून माझा हात पदरानं झाकते, वर कौतुकानं म्हणते, शिकाले गेली होती. तिथं मी पाहुणी. आत्यानं उशिरा का होईना, तोंडानं सांगितलं, म्हणून अकोल्याचं हे घर माझं. तुझ्या पोरीलाही इथं जागा आहे. पण तिला गाडीत बसवायच्या आधी जवळ घे आणि रोगाचं नाव सांग. बरा होतो, हेही सांग. तुझ्यानं झालं नाही तर मी अकोला स्टेशनावरच सांगेन. मग ती जन्मभर माझी होईल, सुमन, तुझी नाही.