नकाशातलं कोल्हापूर

नकाशा समोर आला की आमचे भूगोलाचे सर आधी मान वाकडी करायचे. मग म्हणायचे, "थांब जरा, घोळ झालाय माझा. ह्यात आपलं कोल्हापूर कुठं हाय?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. परगावच्या लग्नाला गेली तरी आधी आपल्याकडचं कोण आलंय ते शोधतात. सर निवृत्त झाले होते, त्यांच्या पत्नी जाऊन वर्ष होत आलं होतं आणि एकुलती लेक पार नॉर्वेच्या वर, बर्फाळ समुद्रात, संशोधनाच्या बोटीवर. तिथे फोन लागत नसे. निघताना तिने वडिलांना एक पायथनची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचा छोटा प्रोग्रॅम, पाठवली होती. ध्रुवावरून फिरणाऱ्या उपग्रहाची रोजची फाईल उतरवायची, स्क्रिप्ट चालवायची, की नकाशा तयार. पांढरा तो बर्फ, निळं ते मोकळं पाणी आणि लाल ठिपका म्हणजे तिची बोट. बोट महिनाभर एकाच जागी थांबणार होती. बर्फ तिला वेढत तर नाही ना, एवढंच सरांना रोज बघायचं असे.

त्यासाठी ते कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये माझ्या शेजारी येऊन बसत. मी तिथे शिकवतो खरा, पण तो नकाशा मलाही धड कळत नव्हता. उत्तर ध्रुव मधोमध आणि बाकीचं जग भोवताली.

"उत्तर कुठली रं ह्यात?"

"मधली, सर."

"मग वर काय हाय?"

मी मान तिरकी करून नकाशा बघितला. "जन्मभर पोरांना उत्तर वर शिकवली की मी," सर कपाळाला हात लावून म्हणाले.

एकदा बोटीभोवती नुसता काळा पट्टा आला. "बर्फ हाय का पाणी?" सर ताडकन उठले. तिथलं उपग्रहाला आज दिसलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. "दिसलं न्हाय म्हंजे?" ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. समोरचा चहा गार होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाकली, कोल्हापूरच्या ठिपक्याची, नावासकट. आपण अक्षांश-रेखांश म्हणतो, म्हणून सरांनी अक्षांश आधी लिहिला. स्क्रिप्टला रेखांश आधी हवा होता. झालं! कोल्हापूर थेट त्या समुद्रात, लेकीच्या बोटीला खेटून. मी पोट धरून हसलो. आकडे सरळ केले, तर कोल्हापूर गायबच. तो नकाशा इतक्या खाली येतच नव्हता.

"परत उलटं कर," सर म्हणाले.

"सर, चूक आहे ती."

"कळतंय की मला. पोरगी एकटीच दिसती रं तिथं."

मी आकडे उलटे केले आणि पुढे रोज तसाच नकाशा काढत राहिलो.

होळीच्या सुमारास सर गेले, झोपेतच. बोट बंदराला लागून लेक घरी पोचेपर्यंत दिवसकार्य उरकलं होतं. दोन दिवसांनी ती लॅबमध्ये आली.

"बाबा इथं काय करत बसायचे?"

मी शेवटचा नकाशा उघडला. तिचाच विषय तो, चूक तिला बघताक्षणी कळली असणार. आता आकडे सरळ करायला सांगेल, असं मला वाटलं. पण ती खुर्ची ओढून त्या दोन ठिपक्यांसमोर बसली.

"एवढ्या जवळ होते व्हय बाबा?"